उरलेलं कुठून उचलायचं

उदगीरच्या मोंढ्यात, थंड पेयांच्या दुकानावरची खोली.
माझं टेबल, एक गळका कूलर,
आणि काट्यावरच्या पावत्या
लातूरच्या सर्व्हरला धाडणारा माझाच प्रोग्राम.
सोयाबीनचे दिवस. फुफाटा कीबोर्डच्या फटीतसुद्धा.

चार हजार शहाण्णव बाइट दिले होते सॉकेटच्या हाती.
त्यानं घेतले दोन हजार नऊशे वीस
आणि तसं सांगितलंही, एका आकड्यात, सरळ.
मीच तो आकडा वाचला नाही.
गेलं असेल म्हणून पुढच्या कामाला लागले.

पावती क्रमांक एकसष्ट.
अकरा क्विंटल चाळीस किलो, मुक्काम हेर,
नाव: हौसाबा
आणि पुढं काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.
देवनागरीचं 'ई' म्हणजे तीन बाइट.
त्यातला एकच पलीकडं पोचला होता,
दोन अलीकडं, माझ्यापाशी,
आणि बफर मी तोवर पुसूनही टाकलेला.

खिडकीशी हौसाबाई बिरादार उभ्या. पडद्यावर दाखवलं.
"ई कुठाय माजी?" म्हणाल्या.
"ई बिगर मी कोन, बाप्या?"
मागचे दोघं फिसकन हसले.
मला हसू आलं नाही.

दुपारी खाली उतरले. शादुल मामू ट्रक रिकामा करत होते,
दोनशे चाळीस पोती, आडतीच्या वखारीत.
एकशे सदतिसाव्या पोत्याला वखार भरली.
मामूंनी फाळक्यावर खडूनं एक रेघ ओढली,
शेजारी आकडा लिहिला,
खांद्यावरचा टॉवेल झटकला
आणि पायरीवर जाऊन बसले.

"आता?"
"आता काय. जागा झाली की एकशे अडतीसपासून."
"पुन्हा पहिल्यापासून नाही?"
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
जसं मी मोंढ्यात येऊन सोयाबीन म्हणजे काय ते विचारलं.
"पयलं पोतं दोनदा वाहिलं तर
आडत्या दोनदा हमाली देतो व्हय, बाई?"

रात्री लूप लिहिला. चारच ओळी.
जेवढं गेलं तेवढं पुढं सरक,
उरलंय तोवर देत राहा.
लिहिताना बोटांना खडू लागल्यासारखं वाटत होतं.

दहाच्या सुमाराला टॉवर गेला
आणि माझा शहाणा लूप बंद दार बडवत राहिला
सेकंदाला लाख वेळा.
मशीनचा पंखा डाळ मिलसारखा घोंगावला,
टेबल थरथरलं, चहाच्या ग्लासात लाटा.
रेघ मारायची शिकले होते,
पायरीवर बसायचं विसरले.

मग तेही लिहिलं:
सॉकेट 'आत्ता नाही' म्हणालं तर भांडू नकोस.
जागा झाल्याची हाक येईस्तोवर डोळे मीट.
आणि हाक आलीच नाही तर?
तीस सेकंद, असं टाकलं. अंदाजानं.
मामू किती थांबतात ते विचारायचं राहिलं.

सकाळी एकसष्ट नंबर सगळाच्या सगळा गेला,
ई सकट, तिच्या तिन्ही बाइटांसकट.
हौसाबाई दारात, पिशवीत भाकरी बांधलेली.
"पोचलं का मग?"

तोंडावर आलेलं 'हो' मी ओठाशी अडवलं.
सॉकेटचा आकडा एवढंच सांगतो
की आपल्याच ओसरीवर माल ठेवून घेतला.
पुढचा रस्ता, नळेगाव, लातूर,
तिकडचं तो काहीच बोलत नाही.
"इथून निघालंय, मावशी," म्हणाले.
"तिकडून पोच आली की सांगते."

त्या घरी गेल्या नाहीत.
खाली ट्रक तसाच उभा होता, एकशे तीन पोत्यांचा.
मामूंनी सरकून पायरीवर जागा केली.
हौसाबाईंनी भाकरी सोडली, अर्धी त्यांच्यापुढं ठेवली,
आणि दोघं खडूच्या रेघेकडं बघत जेवत बसले.